उन्हाळ्याच्या सुटीतील विद्यापीठ

वार्षिक परीक्षा आटोपून शाळांना सुटी लागली, की मुलांनी त्या दीड-दोन महिन्यांचे काय करावे, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतून पूर्वी फारसा कोणी विचारीत नसे. आजोळ, आमराई, पत्त्यांचे डाव आणि दुपारच्या निवांत वेळी हाती लागेल ते पुस्तक, एवढ्यात वैशाख सरून जाई. आता मात्र हा प्रश्न संक्रांतीच्या सुमारासच घरात शिरतो. पिंपळे सौदागरसारख्या वस्तीत तर तो विशेष तीव्रतेने जाणवतो. पवनेच्या काठचे हे गाव एका पिढीमागे शेतामळ्यांचे होते. आज तेथील उंच इमारतींतून हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत आणि चिंचवड-चाकणच्या कारखान्यांत काम करणारी शिकलीसवरलेली कुटुंबे नांदत आहेत. बहुतेक घरांतील एखादा दीर, एखादी नणंद अमेरिकेत असते. तिकडच्या पुतण्याने उन्हाळ्यात एका नामांकित विद्यापीठात तीन आठवडे राहून गणित शिकल्याची वार्ता येते, आणि मग इकडे सातवीतल्या मुलासाठी तशाच वर्गांची माहितीपत्रके चाळली जाऊ लागतात. वडील शुल्काचा हिशेब मांडतात; आई मूल एकटे कसे राहील या काळजीत पडते; आजोबांना वाटते, विद्येसाठी पैसा खर्चावा; आणि आजी विचारते, की लेकराने सुटीतही शाळेतच जायचे काय?

या चौघांचेही म्हणणे आपापल्या परीने रास्त आहे. म्हणूनच या वर्गांचे मूळ प्रयोजन काय, त्यांतून मुलाला नेमके काय मिळते, आणि ते मिळविण्यासाठी किती दूर जावे लागते, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

मूळ कल्पना कोठून आली?

विद्यापीठाने बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग चालवावेत, ही कल्पना अमेरिकेत रुजली ती बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास आरंभिला. पुढच्याच वर्षी त्यांनी बारा ते चौदा वर्षांच्या सुमारे ४५० हुशार मुलांना अशी एक परीक्षा दिली, की जी एरव्ही महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी असते. त्यांतील काही मुलांचे गुण पाहून परीक्षकही थक्क झाले. शाळेच्या नेहमीच्या परीक्षेत ही मुले वर्गातील इतर हुशार मुलांसारखीच दिसत. कारण प्रश्नच सोपे असल्याने सर्वांचे गुण शंभराच्या जवळपास येऊन थांबत. मोजपट्टी तोकडी असली म्हणजे उंची कळत नाही, हा स्टॅन्ली यांच्या प्रयोगाचा बोध. अशा मुलांना वयाप्रमाणे नव्हे, तर त्यांच्या तयारीप्रमाणे शिकता यावे, म्हणून १९७९ साली त्या विद्यापीठात एक स्वतंत्र केंद्र निघाले आणि त्याचे उन्हाळी वर्ग प्रसिद्धीस आले. ड्यूक विद्यापीठानेही १९८० साली तसाच उपक्रम सुरू केला. तो चाळीस वर्षे चालून २०२० साली बंद झाला.

म्हणजे मुळात हे वर्ग होते ते शाळेत ज्यांची भूक भागत नाही अशा मुलांसाठी. पुढे मात्र या कल्पनेला बाजारपेठ लाभली. आज विद्यापीठांच्या नावाशी जोडलेले असंख्य वर्ग निघाले आहेत. त्यांतील काही विद्यापीठे स्वतः चालवितात. काही मात्र खासगी मंडळी सुटीत ओस पडलेल्या वसतिगृहांच्या खोल्या भाड्याने घेऊन भरवितात, आणि शिकविणाराचा त्या विद्यापीठाशी काडीचाही संबंध नसतो. निवासी वर्गाचे शुल्क काही हजार डॉलर, त्यात प्रवासखर्च मिळविला म्हणजे मध्यम स्थितीच्या कुटुंबाला तो आकडा सहज पेलणारा नसतो. अशा वर्गाचे प्रमाणपत्र हे पुढे त्या विद्यापीठात प्रवेश मिळण्याचे वचन नव्हे, हेही पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

गणेशखिंडीतील एक आठवडा

आता आपल्या दाराशी काय आहे ते पाहू. पिंपळे सौदागरहून निघून जगताप डेअरीच्या चौकावरून औंधमार्गे मुळा ओलांडली, की सात-आठ किलोमीटरांवर गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार लागते. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या आवारातच १९८८ साली उभी राहिलेली खगोलविज्ञानाची संस्था आहे. तिला सारे ‘आयुका’ म्हणून ओळखतात. तिचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. पण शाळकरी मुलांसाठी त्यांनी घालून दिलेली वहिवाट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

या संस्थेच्या शालेय उन्हाळी उपक्रमाची घडण साधी आहे. पुण्यातील शाळांनी आठवी-नववीच्या वर्गांतील आपले एक-दोन विद्यार्थी निवडून पाठवावेत. तीसएक मुलांची एक तुकडी सोमवारी यावी आणि शुक्रवारपर्यंत राहावी. मुलांचे लहान लहान गट करून प्रत्येक गट एका संशोधकाच्या हाती सोपवावा. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, गुणानुक्रम तर नाहीच. मार्गदर्शक आणि मुले मिळून एखादा प्रश्न निवडतात, ग्रंथालय मुलांना खुले असते, आणि आठवड्याच्या अखेरीस प्रत्येकाने आपण काय केले ते लिहून द्यावयाचे असते. ज्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे एका चौकात एकत्र उभे आहेत, तेथे तेरा वर्षांची मुलगी पाच दिवस खऱ्या शास्त्रज्ञाशेजारी बसते. तो शास्त्रज्ञही कधी अडतो, खोडतो, पुन्हा आकडेमोड करतो, हे ती डोळ्यांनी पाहते. पाठ्यपुस्तकात उत्तरे छापलेली असतात. ती शोधताना माणूस किती वेळा चुकतो हे छापलेले नसते. आमच्या मते या साऱ्या खटाटोपाचे सार ते एवढेच, आणि ते लाखमोलाचे आहे.

याच आवारात शालेय मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती साकारली, आणि तिच्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतील एका ताऱ्याचे हे नाव, आणि त्याच्या आरंभीच दात्याची आद्याक्षरे. अरविंद गुप्ता यांनी तेथे बरीच वर्षे काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या नळ्या आणि रिकाम्या बाटल्या यांतून मुलांना पदार्थविज्ञान शिकविले. ज्यांची मुले अद्याप पाचवी-सहावीत आहेत, त्यांना चिंचवड येथे २०१३ पासून असलेले विज्ञान उद्यान त्याहूनही जवळ पडेल. आणि नववीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणखी एक संधी ध्यानी घ्यावी. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०१९ सालापासून ‘युविका’ नावाचा निवासी उन्हाळी कार्यक्रम सुरू केला आहे. तो सुमारे दोन आठवड्यांचा असून त्याचा प्रवासखर्च व निवासखर्च संस्थाच सोसते. त्याच्या निवडीत आठवीतील गुणांचा विचार होतो आणि खेड्यातील शाळांच्या मुलांना झुकते माप मिळते. तारखा व नियम दरवर्षी थोडेबहुत बदलतात. म्हणून फेब्रुवारीच्या सुमारास शाळेत चौकशी करून ठेवावी.

भिंतीवरचा फळा

येथे नारळीकरांच्या बालपणीची एक हकीकत सांगणे उचित होईल. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी मुलांसाठी घरातील भिंतींवर फळे बसवून घेतले होते. जयंता शाळेत असताना त्याचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार गणिताच्या उच्च शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहावयास आले. भाच्याला गणित आवडते हे पाहून मामा मधूनच त्या फळ्यावर एखादे अवघड कोडे लिहून ठेवीत आणि वर मथळा घालीत, की हे जयंतासाठी आव्हान आहे. कोडे सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानेपर्यंत, ते पुसले जात नसे. बाजूने जाताना, जेवण झाल्यावर, झोपण्यापूर्वी मुलाची दृष्टी त्याच्यावर जाई. ती कोडी शाळेच्या पुस्तकातील नसत, आणि त्यांना गुणही नसत.

सूक्ष्मपणे पाहिले तर बाल्टिमोरच्या प्राध्यापकाने आणि काशीच्या मामाने केलेली गोष्ट एकच आहे. मुलाच्या इयत्तेपेक्षा थोडा मोठा प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा, तो सोडविण्यास हवा तेवढा वेळ द्यावा, आणि जाणत्या माणसाने जवळपास असावे. पुढे नारळीकर स्वतः थोर शास्त्रज्ञ झाल्यावर मुले त्यांच्याकडे स्वाक्षरी मागण्यास येत, तेव्हा ते सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानातील एक प्रश्न लिहून पाठवा, म्हणजे उत्तराखाली सही मिळेल. मामाने फळ्यावर भाच्याला प्रश्न दिला. भाच्याने साऱ्या महाराष्ट्रातील मुलांना प्रश्न विचारण्यास शिकविले.

निवड करताना

तेव्हा माहितीपत्रक हाती आले, की त्यावरील विद्यापीठाच्या चिन्हाकडे पाहण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. प्रत्यक्ष शिकविणार कोण, आणि त्यांचा त्या विद्यापीठाशी संबंध काय? एका शिक्षकामागे मुले किती? मुलाने स्वतःच्या हाताने काय करावयाचे आहे: प्रयोग, टिपण, सिद्धता, की केवळ व्याख्याने ऐकावयाची? आणि प्रवेश कशावर मिळतो: काही कसोटी आहे, की शुल्क भरले म्हणजे झाले? ज्या वर्गाकडे या प्रश्नांची सरळ उत्तरे नाहीत, तो अमेरिकेत असो वा बाणेर रस्त्यावर, त्यापेक्षा आजोळ बरे.

पाचवा प्रश्न मात्र घरातच, आणि तोही मुलालाच विचारावयाचा: तुला तेथे जावेसे वाटते काय? स्टॅन्ली यांनी शोधलेली मुले भुकेलेली होती. ज्याला भूक नाही त्याला पंचपक्वान्नांचे ताट वाढून जबरदस्तीने भरविले, तर अन्नाचाच तिटकारा येतो. वर्षभर शिकवण्यांनी शिणलेल्या मुलाला सुटीत रिकामा वेळ हवा असेल, तर तो आळस समजू नये. आजीची शंका या बाबतीत पुष्कळ पुस्तकी पंडितांहून शहाणपणाची आहे.

एकत्र कुटुंबात आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली म्हणजे मुलगा आणि मुलगी यांत होणारा अबोल भेद. मुलाच्या वर्गासाठी ठेव मोडण्यास तयार असलेले घर मुलीच्या वेळी ‘एवढ्या लांब कशाला’ असे म्हणते, आणि आपण भेद केला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे, त्याच्या उंबरठ्यावरून तरी हा भेद आत येऊ नये. दुसरी गोष्ट निवड न झालेल्या मुलांची. शाळेला एक-दोन नावेच पाठवावयाची असतात, आणि ती बहुधा पहिल्या क्रमांकाची असतात. घरातील चुलत भावंडांपैकी एकाचे नाव निघते, दुसऱ्याचे राहते. आणि जेवणाच्या पंगतीत त्याच विषयाचे कौतुक चालले, म्हणजे राहिलेल्या मुलाचा घास घशात अडकतो. परीक्षेत पहिला येणारा मुलगा आणि प्रश्न विचारून शिक्षकांना भंडावणारा मुलगा हे नेहमी एकच असतात असे नाही. शाळेला दुसरा दिसला नाही, तरी घराला तो दिसतो.

त्याच्यासाठी फळा आहे. पिंपळे सौदागरच्या सदनिकेत भिंती कमी असल्या, तरी स्वयंपाकघराच्या दाराजवळ दोन हात जागा निघते. ज्या काकांना गणित येते त्यांनी गणित घालावे. कारखान्यात यंत्रांजवळ काम करणाऱ्या आत्याने दंतचक्रांचे कोडे घालावे. आजोबांनी श्लोकातील वृत्त ओळखावयास सांगावे. आणि आजीने विचारावे, की लोणच्याला बुरशी का धरते व मिठाने ती का धरत नाही. उत्तर ठाऊक असलेल्याने ते सांगण्याची घाई करू नये, आणि कोडे सुटेपर्यंत ते कोणी पुसू नये, एवढे दोन नियम पाळले म्हणजे पुरे. जे मूल गणेशखिंडीत आठवडा काढून येईल, त्याने परतल्यावर आपला प्रश्न त्याच फळ्यावर भावंडांसाठी मांडावा. म्हणजे एकाला मिळालेली संधी साऱ्या घराची होईल, आणि शाळेने न निवडलेल्या मुलाच्या हातीही खडू येईल.