बोर्डाचा कागद

बारामती-इंदापूर भागात फौजेतून शिपाई परतो की हवालदार, गावाच्या तोंडी तो ‘मेजर’च. निवृत्तीला मिरवणूक निघते, फेटे बांधले जातात. पण त्याच्या ट्रंकेतला रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे निवृत्तीवेळच्या वैद्यकीय तपासणीचा, अहवाल कोणी उघडून बघत नाही. गुडघा, कान किंवा कंबर फौजेत गमावून आलेल्याची अपंगत्व पेन्शन ठरते ती त्याच कागदावर.

त्यात दोन गोष्टी आधी पाहायच्या. पहिली टक्केवारी. नेहमीच्या निवृत्तीत अपंगत्व 20 टक्क्यांच्या खाली लिहिलं, तर पेन्शनचा हा भाग मिळत नाही. दुसरी त्याहून नाजूक. अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं का, या प्रश्नापुढे बोर्ड ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहितं. ‘नाही’ पडलं की टक्केवारी कितीही असो, दावा फेटाळला जातो.

‘नाही’ म्हणजे शेवट, असं समजून अनेक जण गप्प बसतात. इथेच चुकतं. सिग्नल कोअरचे शिपाई धर्मवीर सिंग 1985 साली भरती झाले आणि फेफऱ्याच्या आजारामुळे 1994 मध्ये त्यांना घरी पाठवलं गेलं. आजाराचा सेवेशी संबंध नाही, असं बोर्डाचं मत होतं. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला, तर तो सेवेतच आला असं धरायचं. उलट म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं लिहायची. संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा, हे त्या निकालाचं सार. आजाराने मुदतीआधीच घरी पाठवलेल्याचं अपंगत्व किमान 20 टक्के धरायचं, असंही याच न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं.

पैशांचा हिशेब सोपा आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम. पगार 40,000 रुपये धरला तर ती 12,000 होते, आणि 30 टक्के अपंगत्वाला 3,600. मात्र 20 ते 49 टक्के अपंगत्व 50 टक्के धरण्याचा नियम आहे. तो लागला की 3,600 चे 6,000 होतात. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने ठरलं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आले. ते जुन्या प्रकरणांना लागू नाहीत. म्हणून निवृत्तीची तारीख आधी पाहावी.

सुट्टीवर आलेल्यांची गोष्ट वेगळी. पलटणीतून घरी किंवा घरून पलटणीत जाताना रीतसर प्रवासात अपघात झाला, तर तो ड्युटीवरचा धरला जातो. पण सुट्टीत ऊस तोडताना किंवा विहिरीवर पाय घसरला, तर सेवेशी संबंध दाखवणं अवघड. सुट्टीत नातेवाइकाच्या घरी जिन्यावरून पडलेल्या सैनिकाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये नाकारला.

दावा फेटाळल्याचं पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं. ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. त्यानंतर दुसरं अपील, आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

या वाटेवर पहिला थांबा पुण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथले कल्याण संघटक अर्ज भरायला मदत करतात. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर), बोर्डाचा अहवाल, रुग्णालयाचे डिस्चार्ज कागद आणि नकाराचं पत्र एकाच फाइलमध्ये लावून न्यावं. प्रत्येकाची झेरॉक्स घरी ठेवावी. अपघात ड्युटीवर झाला असेल तर इंज्युरी रिपोर्ट सगळ्यांत वजनदार. तो हाताशी नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागावा.

उशीर झाला म्हणून दार कायमचं बंद होत नाही. पेन्शन दरमहा थकत असते, त्यामुळे जुना दावाही ऐकला जाऊ शकतो. पण थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. पंधरा वर्षांनी दावा करून जिंकणाऱ्याची बारा वर्षांची रक्कम अशी बुडते. म्हणून ज्यांची पोरं आज सीमेवर आहेत, त्या घरांनी फोनवर एवढं जरूर विचारावं: दुखापत झाली, तर तिचा कागद झाला का?