भीती शिकणारा मेंदू

हृदयविकाराच्या झटक्यातून बरे झालेले काही रुग्ण घरी गेल्यावर जिना चढण्यास धजत नाहीत. डॉक्टरांनी चालण्यास अनुमती दिलेली असते. तरीही थोडी धडधड होताच ते जागीच थबकतात. कुटुंबीयांना हा मनाचा दुबळेपणा वाटतो. वस्तुतः मेंदू अनुभवातून शिकतो, याचीच ही खूण आहे.

मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतील बाजूस बदामाच्या आकाराचे अमिग्डाला नावाचे पेशीसमूह असतात. संकट आणि त्या वेळच्या खुणा यांची सांगड घालणे हे त्यांचे एक प्रमुख कार्य होय. एखाद्या तीव्र अनुभवानेही तेथील चेतापेशींमधील जोडण्या बळकट होतात. मग साधी धडधडही धोक्याची सूचना ठरते. अनुभवानुसार बदलण्याच्या या गुणास मेंदूची लवचिकता म्हणतात.

भीतीतून बाहेर काढणारा गुणही हाच. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका बालकाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बालक आवडीचा खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणला गेला. अखेरीस ते त्याला कुरवाळू लागले.

मात्र जुनी भीती पुसली जात नाही. कपाळामागील मेंदूच्या भागाच्या साहाय्याने ‘येथे धोका नाही’ हा नवा धडा तिला आवर घालतो. म्हणूनच ताणाच्या प्रसंगी किंवा नव्या जागी ती पुन्हा डोके वर काढू शकते. असे झाल्यास उपचार फसले, असे समजू नये. सराव पुढे चालू ठेवावा.

याच तत्त्वानुसार आम्ही रुग्णांना प्रथम वॉर्डाबाहेरील मार्गिकेत, नंतर दोन-चार पायऱ्या आणि पुढे पूर्ण जिना, असे देखरेखीखाली चालवतो. कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, डॉक्टरांनी अनुमती दिलेल्या हालचाली मायेपोटी थांबवू नयेत. टाळलेल्या प्रत्येक पायरीगणिक नवा धडा शिकण्याची संधी हुकते. छातीत दुखल्यास वा धाप लागल्यास मात्र त्वरित डॉक्टरांना कळवावे.

या उपचाराला मोठे यंत्र लागत नाही; रुग्णासोबत चालणारी प्रशिक्षित माणसे आणि पुरेसा वेळ लागतो. देणगीदारांच्या साहाय्यातून आम्ही तो वेळ रुग्णांना देऊ शकतो.