दातांचे माप : स्कॅनर अचूक की साचा?

भंडारदऱ्याहून दाताच्या कॅपसाठी अकोले किंवा संगमनेर गाठायचे, तर दिवस मोडतो. कॅप नीट बसली नाही तर पुन्हा तीच चक्कर. सगळे अडते ते मापावर.

अल्जिनेटचा ओला लगदा ट्रेमध्ये भरून दातांवर दाबायचा, ही जुनी पद्धत. अनेकांना उमासे येतात, पण खरी अडचण नंतरची. अल्जिनेट उघडे राहिले की सुकून आक्रसते. वेळेत प्लास्टर ओतले नाही तर मापच बदलते. कॅपसाठीचे चांगले सिलिकॉन मात्र काही दिवस टिकते.

स्कॅनर तोंडातली असंख्य छायाचित्रे जोडून त्रिमितीय प्रतिमा बनवतो. काही सुटले तर खुर्चीवर असतानाच स्क्रीनवर दिसते, तेवढाच भाग पुन्हा टिपता येतो. एक-दोन कॅप किंवा छोट्या ब्रिजला तो सिलिकॉनच्या तोडीस तोड. पूर्ण जबड्यात मात्र प्रत्येक जोडातली बारीक चूक साठत जाते. लाळ, रक्त किंवा हिरडीखाली झाकलेली कड तर त्याला दिसतच नाही.

पूर्ण कवळीचे गणित वेगळे. हिरडी मऊ, गाल-जीभ हलती. तिथे साचाच अधिक भरवशाचा.

स्कॅनर महागडा, गावोगावी मिळेलच असे नाही. तुमच्या डॉक्टरांकडे नसेल तर एका कॅपसाठी सिलिकॉनचे माप निर्धास्त द्या.