एकाच खुराड्यातील अंडी वेगवेगळी का?

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर गेलात, तर बहुतेक घरांच्या पडवीत खुराडे किंवा पालथे घातलेले डालगे दिसेल. त्यातल्या चार कोंबड्या एकाच अंगणात चरतात, एकाच परातीतले पाणी पितात. अंडी मात्र निरनिराळी देतात. एकीचे कवच चांगले कठीण, तर दुसरीचे बोटाच्या दाबाने चिरते. एकीचा बलक केशरी, तर दुसरीचा फिकट. घरातली आजी म्हणते, "ती कोंबडीच तशी!" हे उत्तर निम्मे बरोबर आहे. उरलेले निम्मे शोधायला मीठ, पाणी आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला स्फेरोमीटर पुरे.

आधी रंगाचा प्रश्न निकालात काढू. कवचाचा तपकिरी रंग हा प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या द्रव्याचा. अंडे बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत तो कवचावर चढतो आणि किती चढायचा हे कोंबडीच्या आनुवंशिकतेवर ठरते. आतल्या मालाशी त्याचा काही संबंध नाही. बाजारात तपकिरी अंडे दिसले की आपण ते गावठी समजून जास्त पैसे देतो, पण पिंजऱ्यातल्या संकरित कोंबड्याही तपकिरी अंडी देतात!

बलकाच्या रंगाची गोष्ट वेगळी. तो कॅरोटिनॉइड वर्गातील पिवळ्या द्रव्यांमुळे येतो. कोंबडीला ही द्रव्ये शरीरात तयार करता येत नाहीत. ती हिरवा पाला आणि पिवळा मका यांतून मिळवावी लागतात. आता हा सारा मुलूख भाताचा. कर्जतचे भात संशोधन केंद्र तर तुम्हाला ठाऊक असेलच. कणी आणि कोंडा हेच इथल्या कोंबडीचे मुख्य खाणे, आणि सडलेल्या तांदळात ही द्रव्ये जवळजवळ नसतात. म्हणून उन्हाळ्यात गवत करपले की बलक फिकटतो, पावसाळ्यात पुन्हा रंगतो. एकाच अंगणातली धीट कोंबडी कुंपणापलीकडे जाऊन पाला टिपते, भित्री उंबऱ्याजवळची कणीच खाते. दोघींचे बलक वेगळे दिसणारच. मात्र गडद बलक म्हणजे अधिक प्रथिने, असे समजू नका.

खरा कस लागतो तो कवचाचा. कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे असते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. कवच घडायला जवळजवळ २० तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री, कोंबडी उपाशी झोपलेली असताना पार पडतो. अशा वेळी ती स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम काढून कवचाला देते. दिवसा ते भरून निघाले नाही, तर पुढची कवचे पातळ होतात. कणीत कॅल्शियम फारच थोडे. अलिबाग-उरणकडे शिंपल्यांचा चुरा सहज मिळतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी, काळ्या खडकाच्या या प्रदेशात समुद्र दूर. पावसाळ्यात शेताच्या बांधावर गोगलगायी सापडतात, एवढाच आधार. जुनी कवचे भाजून, कुटून कोंबड्यांना घालण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

वयाचाही परिणाम होतो. तलंगेचे अंडे लहान, पण कवच दणकट. कोंबडी जुनी होते तसे अंडे मोठे होते, कॅल्शियम मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. तेवढेच द्रव्य मोठ्या पृष्ठभागावर पसरते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत कर्जतला पारा चाळिशीला टेकतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, म्हणून ती चोच उघडून धापा टाकते. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाच्या कार्बोनेटला कच्चा माल कमी पडतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी उष्ण हवेत ठेवलेल्या कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजून पाहिले, आणि कवचे सुधारली!

आता प्रयोग. अंड्याचा आतला भाग पाण्याहून किंचित जड असतो, तर कवच पाण्याच्या दुपटीहून जड. म्हणजे ताज्या अंड्याची घनता ही मुख्यतः कवच किती आहे हे सांगते. तीन डब्यांत एक-एक लिटर पाणी घ्या. त्यांत अनुक्रमे ११०, १२७ आणि १४४ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. द्रावणांच्या घनता साधारण १.०७, १.०८ आणि १.०९ येतील; हायड्रोमीटरने ताडून पाहा. आता प्रत्येक कोंबडीचे त्याच दिवशीचे अंडे पहिल्या द्रावणापासून क्रमाने सोडा. पहिल्यातच तरंगले तर कवच पातळ. तिसऱ्यातही बुडाले तर कवच उत्तम.

त्याच दिवशीचे का? कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ निघून जाते, हवा आत शिरते. आकारमान तेच राहते आणि वजन घटते. शिळे अंडे साध्या पाण्यातही तरंगते ते यामुळे. एकाच तरंगण्याची दोन कारणे असू शकतात, तेव्हा त्यातले एक आपण आधीच बंद करून टाकायचे.

पांढऱ्याची परीक्षा काचेवर होते. अंडे सपाट काचेवर फोडा आणि बलकाभोवतीच्या घट्ट पांढऱ्याची उंची स्फेरोमीटरने, त्याचा मधला स्क्रू टेकवून, मोजा. रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये ही उंची आणि अंड्याचे वजन यांवरून एक मापनांक ठरवला. तो जगभर वापरला जातो. ताज्या अंड्याचा पांढरा उंच उभा राहतो. अंडे शिळे झाले, तसेच कोंबडी म्हातारी झाली, तरी तो बसतो.

घरच्यांना या आकड्यांचा उपयोग रवणीच्या वेळी होतो. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवायची असतात. उबवणीच्या २१ दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ ते १४ टक्के घटणे योग्य. पातळ कवचातून पाणी फार निघून जाते, पिल्लू आतच सुकते, शिवाय कोंबडीच्या पायाखाली अंडे चिरण्याची भीती असतेच. तिसऱ्या डब्यात बुडालेली अंडी साध्या पाण्याने हलकेच धुऊन, पुसून लगेच तिच्याखाली ठेवा, आणि किती पिल्ले निघाली ते कोंबडीवार वहीत टिपा.