तान्हे बाळ रात्री का उठते?

"डॉक्टर, बाळ रात्रभर झोपू देत नाही, झोपेचे औषध द्या," असे अनेक माता मला म्हणतात. पहिले ३ महिने बाळाला दिवस-रात्र कळत नाही. पोट लहान, म्हणून दर २-३ तासांनी भूक लागते. हा आजार नव्हे. दिवसा बाळाला उजेडात, घरच्या वर्दळीत ठेवावे. रात्री मंद दिव्यात, न खेळवता अंगावर पाजावे व उताणे निजवावे. हळूहळू रात्रीची झोप लांबते. झोपेसाठी जायफळ चाटवू नये. अफू व सर्दी-खोकल्याची औषधे तर विषच. श्वास मंदावून बाळ दगावू शकते. बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल किंवा ताप असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.