जुन्या मोटारीचे मागील पाटे बदलताना

मालवण किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादास लवकर गंज चढतो. अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तथापि जी वाहने अद्याप वापरात आहेत, त्यांच्या मागील पाट्यांची पावसाळ्यानंतर तपासणी करावी. पाटा चिरलेला अथवा एक बाजू खचलेली आढळल्यास दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच बदलावेत. अन्यथा गाडी कलते.

पुढील चाकांस अडण लावून सांगाडा भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावा. जांभ्याचा चिरा भाराने फुटून खालील माणसाच्या जिवावर बेतू शकते. सबब तो वापरू नये. आसास जॅकचा स्वतंत्र आधार द्यावा. यू-बोल्ट नवे घालावेत. टोकांचे बोल्ट मात्र गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पक्के आवळावेत. अधांतरी आवळल्यास रबरी बुश पिळून लवकर फाटतात.