शाळेसाठी शाळा सोडलेली मुलं

“आई, आमच्या वर्गाचं छप्पर गळतं.” “आमच्या शाळेत बाथरूमला कडीच नाही.” मुलं घरी येऊन असं काही सांगू लागली, की पोळ्या लाटता लाटता आपण काय म्हणतो? “तू आपला अभ्यास कर. नसत्या गोष्टींत लक्ष घालू नकोस.” त्यामागे काळजीच असते. लेकरू शिक्षकांच्या डोळ्यांवर यायला नको, वर्ष वाया जायला नको, एवढंच आपल्याला हवं असतं.

पण मैत्रिणींनो, आज एका लांबच्या गावची हकिगत सांगणार आहे. तिथल्या मुलांनीही हीच तक्रार केली होती. ती त्यांच्या आईबापांनी मनावर घेतली, आणि एका मोठ्या देशाचा कायदा बदलला.

हे गाव अमेरिकेतलं. व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत फार्मव्हिल नावाचं छोटं शहर आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या तालुक्याएवढा भाग समजा. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे तुम्ही वाचलं असेल. पण गुलामी गेली तरी वेगळेपण गेलं नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं होतं, की सोयी सारख्या असतील तर वेगळं ठेवायला हरकत नाही. आता ‘सारख्या’ म्हणजे कशा, ते पाहा.

डांबरी कागदाचे वर्ग

फार्मव्हिलमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल होतं. १९३९ साली ते बांधलं तेव्हा १८० मुलांची सोय केली होती. १९५१ पर्यंत तिथं साडेचारशेहून जास्त मुलं शिकत होती. मग शाळामंडळानं काय करावं? मैदानात लाकडी खोपटं उभी केली आणि त्यांना वरून डांबरी कागद लावून दिला! रस्त्यानं जाणाऱ्यांना ती कोंबड्यांची खुराडी वाटायची. पाऊस आला की छत गळायचं. थंडीत लोखंडी शेगडी पेटवायची, म्हणजे जवळ बसलेली मुलं भाजून निघायची आणि लांबची कोट घालून कुडकुडायची. व्यायामशाळा नाही, प्रयोगशाळा नाही, बसून जेवायला खोली नाही. बससुद्धा गोऱ्या मुलांच्या शाळेनं वापरून टाकलेल्या. गोऱ्यांच्या हायस्कुलात मात्र यातलं सगळं होतं.

पालक गप्प बसले होते असं नाही हं. पालक-शिक्षक संघाची माणसं शाळामंडळाकडे पुन्हा पुन्हा जात होती. नवी इमारत बांधू, असं उत्तर मिळायचं. कधी बांधणार, ते मात्र कुणी सांगायचं नाही.

चुकलेली बस

याच शाळेत बार्बरा जॉन्स नावाची मुलगी शिकत होती. वय वर्षं सोळा. पाच भावंडांत थोरली. आई वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत, वडील शेतीत. त्यामुळे धाकट्यांची सकाळची तयारी बरीचशी हिच्याच गळ्यात. थोरल्या लेकी कशा असतात, ते आपल्याला सांगायला नको.

शाळेबद्दल ती एकदा आपल्या संगीताच्या बाईंपाशी कुरकुरली. बाईंनी तिला उलट विचारलं, की मग तूच काही का करत नाहीस? पोरीला ते लागलं. आणि मग एका सकाळी भावंडांना बसपाशी पोहोचवल्यावर हिला आठवलं, की आपला डबा घरीच राहिलाय. डबा आणायला ती परत पळाली, तेवढ्यात बस निघून गेली. रस्त्याच्या कडेला उभी असताना गोऱ्या मुलांच्या शाळेची बस तिच्यासमोरून गेली. निम्मी रिकामी. त्या दिवशी तिनं ठरवलं, की आता बस्स झालं.

पण रागाच्या भरात तिनं काही केलं नाही. विश्वासातली मोजकी मुलं निवडली. त्यांत विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष कॅरी स्टोक्स आणि तिचा भाऊ जॉन हेही होते. कित्येक महिने ही मुलं गुपचूप भेटत होती. मागणी एकच ठरली, नवी शाळा. फलकही आधीच तयार करून ठेवले. घरात कुणाला पत्ता नाही. एरवी मुलांच्या पोटात एक गोष्ट राहत नाही!

२३ एप्रिल १९५१. मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना फोन आला, की तुमची मुलं बस-स्टँडवर अडचणीत सापडली आहेत. ते तिकडे धावले. इकडे वर्गावर्गांत सभेच्या चिठ्ठ्या फिरल्या. सारी शाळा सभागृहात जमली. पडदा वर गेला, तर व्यासपीठावर मुख्याध्यापक नाहीत, बार्बरा उभी! तिनं शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली आणि मुलांना संपाची हाक दिली. मुख्याध्यापक परत आले, त्यांनी मुलांना परोपरीनं समजावलं, पण मुलं बधली नाहीत. साडेचारशे मुलं शाळेबाहेर पडली. चांगली शाळा मिळावी म्हणून मुलांनी शाळा सोडली!

मग आईबाप पुढे झाले

त्याच दिवशी बार्बरा आणि कॅरीनं रिचमंडच्या दोन वकिलांना पत्र लिहिलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेचं काम ते पाहत. मुलांची समजूत घालून त्यांना शाळेत परत पाठवावं, अशा बेतानं हे वकील फार्मव्हिलला आले. पण मुलांची तयारी आणि शिस्त बघून त्यांचाच विचार बदलला. मात्र त्यांनी अट घातली. नुसती नवी इमारत मागायची तर आम्ही येणार नाही. वेगळ्या शाळा हीच पद्धत चूक आहे, असा दावा लावायचा असेल तर येऊ. आणि त्यासाठी आईवडिलांची संमती हवी.

इथं खरी परीक्षा लागली, ती घरातल्या मोठ्यांची. विचार करा. नोकरी गोऱ्या मालकाकडे, दुकानातली उधारी गोऱ्या वाण्याकडे, बँकही त्यांचीच. आपलं नाव कोर्टाच्या कागदावर घालायचं, म्हणजे या साऱ्यावर पाणी सोडायची तयारी हवी. रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये सभा झाली. शंका निघाल्या, एका माजी मुख्याध्यापकांनी उघड विरोध केला. सोळा वर्षांच्या बार्बरानं त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं. सभेचा कौल मुलांच्या बाजूनं पडला. दोन आठवड्यांनी संप मिटला, मुलं पुन्हा वर्गात बसली, आणि २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीनं दावा दाखल झाला.

खालच्या कोर्टात ते हरले. पण हा दावा आणखी चार दाव्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला. हाच ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ नावानं ओळखला जाणारा खटला. १७ मे १९५४ रोजी न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला, की मुलांना वर्णावरून वेगळ्या शाळेत बसवणं घटनेच्या विरुद्ध आहे. पाच दाव्यांपैकी शाळकरी मुलांच्या संपातून उभा राहिलेला दावा हा एकच.

किंमत कुणी दिली?

गोष्ट इथंच संपवली तर ती गोड वाटेल, पण खरी होणार नाही. मुलांनी मुख्याध्यापकांना मुद्दाम अंधारात ठेवलं होतं, ते त्यांच्यावर ठपका येऊ नये म्हणून. तरी ठपका आलाच आणि त्यांची नोकरी गेली. शाळेच्या आवारात कुणी क्रूस पेटवला. तिकडे ही धमकीची खूण समजतात. आईवडिलांनी जिवाच्या भीतीनं बार्बराला दूर अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरीला काकांकडे पाठवून दिलं. तिचं शेवटचं वर्ष परगावी झालं. नवी इमारत १९५३ साली उघडली, पण तिथं बसायला ती नव्हती.

आणि सगळ्यात कडू घास पुढेच होता. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र बसवावं लागू नये म्हणून प्रिन्स एडवर्ड काउंटीनं १९५९ साली सरकारी शाळांना सरळ कुलपं लावली! एक-दोन महिने नाही, पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. दीड हजाराहून अधिक कृष्णवर्णीय मुलं मात्र घरी बसली. बायकांनी चर्चच्या तळघरांत वर्ग चालवले. काहींनी पोटच्या पोरांना नातलगांकडे, काहींनी तर अगदी परक्या कुटुंबांत परराज्यात पाठवलं. ज्यांना तेही जमलं नाही, त्यांच्या मुलांचं शिक्षण तुटलं ते तुटलंच. १९६४ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम झाला, तेव्हा शाळा उघडल्या. ज्यांचं शिक्षण असं बुडालं, त्यांच्यासाठी व्हर्जिनिया सरकारनं शिष्यवृत्ती सुरू केली, ती २००४ साली. तोवर त्या मुलांची पन्नाशी उलटत आली होती.

बार्बराचं पुढे काय झालं, ते ऐका. तिनं लग्न केलं, पाच मुलं वाढवली आणि संसार सांभाळून १९७९ साली आपली राहिलेली पदवी पूर्ण केली. फिलाडेल्फियाच्या शाळांमध्ये ती ग्रंथपाल होती. १९९१ साली ती वारली. तिच्या जुन्या शाळेत आता संग्रहालय आहे. आणि वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीनं जिथं गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्यांचा सेनापती रॉबर्ट ली उभा होता, तिथं त्याच्या बदली डिसेंबर २०२५ मध्ये या शाळकरी मुलीचा पुतळा बसला.

आपल्या घरी तक्रार आली तर

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मुलांनी संप करावा की काय? नाही हो. तिथं सारे दरवाजे ठोठावून झाले होते, आणि तिथल्या अन्यायाची जातच निराळी. पण त्या मुलांकडून आणि त्यांच्या आईबापांकडून घेण्यासारखं आहेच.

पहिली गोष्ट, मुलाचं पुरतं ऐकून घ्या. कुरकुर वेगळी आणि तक्रार वेगळी. नेमकं काय नाही, कधीपासून नाही, किती मुलांची अडचण होते, हे त्याच्याकडून कागदावर उतरवून घ्या. मी स्वतः अर्धवेळ शिकवते, म्हणून सांगते. “शाळेत काही धड नाही” या वाक्याचं बाई काही करू शकत नाहीत. “मुलींच्या बाथरूमला जूनपासून पाणी नाही” हे वाक्य मात्र त्यांना वरपर्यंत नेता येतं.

दुसरी गोष्ट, एकटीनं जाऊ नका. चार घरच्या चार आया मिळून जा आणि अर्ज लेखीच द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते आठवीच्या शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि ऊनपावसात टिकणारी इमारत हवी, असं घालून दिलं आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, हेही त्याच कायद्यात आहे. त्या खुर्च्या आपल्यासाठी आहेत. तुमच्या मुलांच्या शाळेत त्यांवर कोण बसतं, ते विचारून तर या.

आणि तिसरी गोष्ट, मुलाच्या तक्रारीखाली आपलं नाव घालायची वेळ आली, तर मागे सरू नका. बार्बराचं धाडस मोठं खरंच. पण दाव्याच्या कागदापाठी आईबाप उभे राहिले नसते, तर ते धाडस दोन आठवड्यांत विरून गेलं असतं.